नर्सिंगच्या यादीत नाव नाही, किंवा वेटिंगवर आहे: पुढचं वर्ष कसं काढायचं

माझा वेटिंग नंबर १९. त्या वर्षी यादी १४ पर्यंत हलली आणि थांबली.

आज मी मेडिसिनच्या वॉर्डात नर्स आहे आणि पोस्टिंगला येणारे विद्यार्थी माझ्या हाताखाली शिकतात. दर वर्षी याद्या लागल्या की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, "ताई, नाव नाही आलं." पुढे तेच प्रश्न असतात. फोनवर घाईत अर्धंच सांगून होतं, म्हणून या वेळी सगळं सलग लिहिते आहे.

पहिले दोन दिवस कुणाला काही लिहू नका. कॉलेजला नाही, ग्रुपवर नाही, ज्या मैत्रिणीचं नाव लागलं तिलाही नाही. मी त्याच रात्री कॉलेजला लांबलचक मेल पाठवला होता. माझ्यापेक्षा कमी गुण असलेल्या मुलीला प्रवेश कसा मिळाला, असं त्यात विचारलं होतं. उत्तर आलं नाही. पण पुढच्या वर्षी त्याच ऑफिसात त्याच बाईंसमोर फॉर्म देताना माझी मान वर होत नव्हती. दोन दिवस रडा, झोपा, चाला. घरच्यांसाठी एक वाक्य ठरवून ठेवा: "या वर्षी नाही झालं, मी पुढचं बघते आहे, ठरलं की सांगेन." तेच वाक्य प्रत्येकाला सांगायचं. प्रत्येक मावशी-काकांना पहिल्यापासून सगळी कहाणी सांगत बसलं की तोच दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागतो.

तिसऱ्या दिवशी कॉलेजचं पत्र काढा आणि पेन्सिल घेऊन शब्दन् शब्द वाचा. बहुतेक जण पत्रातला एकच शब्द वाचतात आणि फोन उलटा ठेवतात. पण "निवड झाली नाही", "प्रतीक्षा यादीत आहे" आणि "अर्ज अपूर्ण असल्याने विचारात घेतला नाही" या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या बरोबरच्या एका मुलीचं पत्र तिसऱ्या प्रकारचं होतं. तिची एक गुणपत्रिका अपलोडच झाली नव्हती आणि ती देण्यासाठी सात दिवसांची मुदत होती. तिनं "नाही" एवढंच वाचलं, आठवडाभर खोलीबाहेर आली नाही, आणि नवव्या दिवशी तिच्या भावानं पत्र नीट वाचलं. तोवर मुदत गेली होती. ती हुशार होती, माझ्यापेक्षा कितीतरी. म्हणून सांगते, तुम्हाला वाचवत नसेल तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, पण तारखा त्याच आठवड्यात कॅलेंडरवर लिहा.

वेटिंगवर असाल तर

वेटिंग म्हणजे अर्धा नकारही नाही आणि अर्धा होकारही नाही. निवड झालेल्यांपैकी काही जण दुसरीकडे जातात, काहींची कागदपत्रं अडतात, काहींची फी वेळेत जमत नाही. तेवढ्या जागा मोकळ्या होतात आणि यादी वर सरकते. किती सरकेल हे कॉलेजलाही आधी कळत नाही. त्यामुळे "माझं होईल का?" हा प्रश्न ऑफिसात विचारून उपयोग नाही, त्याचं उत्तर तिथं कुणाकडेच नसतं. ज्यांची उत्तरं त्यांच्याकडे असतात असे प्रश्न विचारा. यादीला क्रम आहे का, की जागा निघाली की अर्ज पुन्हा पाहतात? यादी कोणत्या तारखेला बंद होते? बोलावणं फोनवर येतं की मेलवर, आणि होकार द्यायला किती तास मिळतात? मी दुसरीकडे प्रवेश घेतला तर इथलं नाव निघतं का? आणि या वर्षी नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करावा लागतो का? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. काही ठिकाणी यादी पुढे चालू राहते, काही ठिकाणी ती त्या वर्षाबरोबर संपते, आणि वाट पाहता पाहता पुढच्या वर्षीच्या फॉर्मची तारीख निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

हे सगळं एकाच मेलमध्ये विचारा. त्यातच तुम्हाला अजून प्रवेश हवा आहे हे सांगा. रोज फोन करू नका. मेल साधारण असा असावा:

"माझा अर्ज क्रमांक अमुक आहे आणि माझं नाव प्रतीक्षा यादीत आहे. जागा उपलब्ध झाल्यास मी प्रवेश घेणार आहे. अर्ज केल्यानंतर मी प्रथमोपचाराचा कोर्स पूर्ण केला असून प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. यादी कधीपर्यंत चालू राहील आणि बोलावणं आल्यावर होकार देण्यास किती मुदत असेल, हे कृपया कळवावे. पर्यायी फोन नंबर खाली देत आहे."

एवढंच. घरची परिस्थिती नको, लहानपणापासूनचं स्वप्न नको. काही नवीन घडलं असेल तर ते लिहा, नसेल तर ते वाक्य गाळा. पर्यायी नंबर मात्र न चुकता द्या, आणि तो अशा माणसाचा द्या जो अनोळखी नंबरचा फोनही उचलतो.

मग बोलावणं उद्याच येणार आहे असं धरून तयारी करा. मूळ कागदपत्रं एका फाइलमध्ये, प्रत्येकाच्या तीन प्रती, फोटो, पहिल्या हप्त्याच्या पैशांची सोय. मेलचा स्पॅम फोल्डर रोज एकदा उघडा. आणि एक गोष्ट जिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही: लसी. वॉर्डात पाठवण्याआधी पुष्कळ कॉलेजं हेपॅटायटिस बी च्या लसीचा पुरावा मागतात. तिचे नेहमीचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर महिन्यानं दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. प्रवेश झाल्यावर सुरुवात केली तर अर्धं वर्ष जातं. आजच डॉक्टरांना विचारून पहिला घ्या. नर्सिंग झालं नाही तरी ती लस वाया जात नाही.

नाव का लागलं नाही

याची दोन उत्तरं असतात आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

पहिलं उत्तर जागांचं. नर्सिंगच्या वर्गात चार बाकं वाढवली म्हणून चार विद्यार्थी वाढवता येत नाहीत. युरोपीय संघाच्या नियमात या शिक्षणाला किमान ४,६०० तास सांगितले आहेत आणि त्यातले निदान निम्मे प्रत्यक्ष रुग्णांजवळ. तिथे प्रत्येक विद्यार्थ्यावर नजर ठेवणारं शिकवणारं माणूस लागतं. माझ्या वॉर्डात एका वेळी आठ विद्यार्थी आले की माझी दमछाक होते, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या हातून निघणाऱ्या इंजेक्शनवर माझे डोळे असावे लागतात. शिकवणारे कमी आणि वॉर्ड तेवढेच, म्हणून जागा तेवढ्याच. अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेनं २०२३ सालचा हिशोब दिला तेव्हा पात्र असूनही परत गेलेले अर्ज ६५,७६६ होते. हा आकडा अर्जांचा आहे, माणसांचा नाही, एकाच मुलीचे चार अर्ज त्यात असू शकतात. तरीही पात्र असलेल्यांना परत पाठवावं लागतं, एवढं त्यातून दिसतंच. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात नर्सेस सुमारे २ कोटी ९८ लाख आहेत आणि तरी ५८ लाख कमी पडतात. म्हणजे तुमची गरज नाही म्हणून तुम्हाला नाकारलेलं नाही. हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे सांगते.

दुसरं उत्तर तुमच्या फाइलमध्ये असतं, आणि ते शोधायचं असेल तर स्वतःला नाही, फाइलला प्रश्न विचारा. विज्ञानाचे गुण, प्रवेश परीक्षा, मुलाखत, स्वतःबद्दल लिहिलेलं निवेदन, कागदपत्रं. यातलं सगळ्यात लंगडं कोणतं? कॉलेजला नम्रपणे विचारता येतं: "पुढच्या वर्षीच्या तयारीसाठी माझ्या अर्जातली कोणती बाजू सुधारावी, हे सांगता येईल का?" निर्णय बदलण्याची मागणी यात नसते, म्हणून उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. मला दुसऱ्या मेलला दोन ओळींचं उत्तर आलं होतं: गुण पुरेसे, मुलाखतीत कमी.

मुलाखतीत काय झालं होतं ते मला लख्ख आठवत होतं. "नर्स का व्हायचंय?" या प्रश्नाला मी म्हणाले होते, "मला लोकांची सेवा करायला आवडते." समोरच्या मॅडम कागदावर काहीतरी लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. आता मी स्वतः अशा मुलाखतींना बसते तेव्हा कळतं, त्या सकाळी हे वाक्य त्यांनी पंधरा-वीस वेळा तरी ऐकलं असणार. ते खोटं नसतं. पण कुणाची सेवा, कसली, कधी केली, हे विचारलं की बहुतेकांकडे उत्तर नसतं, आणि माझ्याकडेही नव्हतं.

त्या वर्षात काय करायचं

रुग्णांच्या जवळ जा. बाकी काही जमलं नाही तरी हे करा. वृद्धाश्रम, हॉस्पिटलमधलं मदतनिसाचं काम, अपंगांची शाळा, घरी अंथरुणावर असलेल्या शेजाऱ्यांची शुश्रूषा, जिथे दार उघडेल तिथे. पगार मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर आठवड्याचे दोन ठरलेले दिवस तरी.

मी वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागले. पहिले दोन महिने मी फक्त चादरी बदलल्या, भरवलं आणि कूस बदलून दिली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाड, टाच, कुल्हा, जिथे हाडावर मांस कमी तिथे जखमा होतात. तिथल्या सिस्टरांनी मला एक गोष्ट दाखवली. एका आजोबांच्या टाचेवर लाल ठिपका होता. "बोटानं दाब आणि सोड," म्हणाल्या. मी दाबलं, सोडलं. लाल ते लालच. "दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं असतं तर अजून वेळ होता. हे पांढरं पडत नाही, म्हणजे आत जखम सुरू झाली." वरून कातडी अगदी शाबूत होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक टाच बघायला लागले, आणि मला वाटतं माझं नर्सिंगचं शिक्षण तिथेच सुरू झालं.

श्वास मोजायलाही त्यांनीच शिकवलं. आपण श्वास मोजतो आहोत हे रुग्णाला कळलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजत असल्यासारखी बोटं मनगटावर ठेवायची, नजर छातीच्या वरखाली होण्याकडे, आणि घड्याळाकडे बघत पूर्ण ६० सेकंद. विश्रांतीत असलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० धरतात. एका आजींचे रोज १८ भरायचे. एका सकाळी २६ भरले. ताप नव्हता, तक्रार नव्हती, फक्त चहा अर्धा ठेवला होता. मी दुसऱ्यांदा मोजले, तेवढेच. सिस्टरांना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, आणि संध्याकाळपर्यंत न्यूमोनियाचं निदान होऊन आजी हॉस्पिटलात होत्या. त्या बऱ्या होऊन परत आल्या.

पुढच्या मुलाखतीत "नर्स का व्हायचंय?" याला मी हेच सांगितलं. सेवा हा शब्द एकदाही आला नाही.

हे काम आणखी एक गोष्ट करतं. तुम्हाला नर्सिंग हवं आहे की फक्त प्रवेश हवा आहे, हे कळतं. माझ्याबरोबर लागलेला एक मुलगा तीन आठवड्यांत म्हणाला, "मला हे जमणार नाही, वासच सहन होत नाही." तो प्रयोगशाळेच्या कोर्सला गेला आणि तिथे छान रमला. त्याला हे दुसऱ्या वर्षाची फी भरल्यावर कळलं असतं तर? आत जाणं हा पहिलाच टप्पा असतो, हे मला मेरी एलिझा महोनी या अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित कृष्णवर्णीय नर्सबद्दल वाचताना जाणवलं. बोस्टनच्या एका हॉस्पिटलात तिनं सुमारे पंधरा वर्षं स्वयंपाक, साफसफाई, धुणं केलं आणि १८७८ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, तिथल्याच नर्सिंगच्या शाळेत तिला घेतलं. तिच्या वाट्याची भिंत कातडीच्या रंगाची होती, तिची तुलना आपल्या वेटिंगशी मी करणार नाही. पण त्या तुकडीत ४२ जणी आत गेल्या आणि १८७९ मध्ये चौघीच पूर्ण करून बाहेर पडल्या, त्यात ती होती. ज्या बाईनं पंधरा वर्षं ते हॉस्पिटल आतून पाहिलं होतं, तिला आत गेल्यावर धक्का बसण्यासारखं फार काही उरलं नसणार, असं मला वाटतं.

अभ्यासाचं थोडक्यात. गुण कमी असतील तर जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राची परीक्षा पुन्हा देता येते का बघा. प्रवेश परीक्षा असेल तर जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. आणि औषधाच्या मात्रेची गणितं आत्तापासून करा, कारण पहिल्या वर्षात भलेभले तिथे अडखळतात. ५०० मिलिग्रॅम द्यायचं आहे, बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम लिहिलं आहे, किती द्याल? १० मिलिलिटर. ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत चढवायचं आहे, सलाइनच्या नळीचा सेट मिलिलिटरला २० थेंबांचा, मिनिटाला किती थेंब? साधारण ४२. रोज अशी पाच करा, कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय. प्रथमोपचार आणि सीपीआरचा प्रत्यक्ष बाहुलीवर शिकवणारा कोर्स करा. सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहणं: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. हा वेग दोन मिनिटं टिकवताना दंड किती भरून येतात ते व्हिडिओ बघून कळत नाही.

पुढच्या वेळी एकाच कॉलेजवर भिस्त ठेवू नका. निदान एक ठिकाण असं असू द्या जे तुमच्या गुणांत आरामात बसतं. छोट्या कोर्सनं आत शिरून नंतर पदवीकडे जाण्याची वाट तुमच्याकडे असेल तर ती कमी प्रतीची समजू नका. माझ्या वॉर्डातली सर्वांत विश्वासू हाताची नर्स त्याच वाटेनं आली आहे. मात्र अर्ज करण्याआधी त्या कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे कौन्सिलच्या यादीत स्वतः तपासा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. मान्यता नसेल तर शिकून झाल्यावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

आणि "वेटिंग क्लिअर करून देतो" म्हणणारा कुणीही भेटला, तर त्याला एक पैसाही देऊ नका. वेटिंगवर असलेलं माणूस घाबरलेलं असतं हे या लोकांना नेमकं ठाऊक असतं. माझ्या बाबांनाही असा एक जण भेटला होता. बाबा तयार झाले होते. आईनं त्याला एकच विचारलं, "पावती कॉलेजच्या नावानं द्याल?" तो पुन्हा आला नाही.

घरच्यांना माझी एक विनंती आहे. "जे होतं ते चांगल्यासाठीच" हे पहिल्या महिन्यात तरी म्हणू नका. जेवायला हाक मारा, फॉर्मच्या तारखांवर लक्ष ठेवा, पर्यायी नंबरचा फोन उचला. मूल दोन-तीन आठवडे धड झोपत नसेल, खात नसेल, कशातच लक्ष लागत नसेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि जगण्यात अर्थ नाही असं ते बोललं, तर एक दिवसही थांबू नका.

दुसऱ्या वर्षीही माझं नाव वेटिंगवरच आलं होतं. या वेळी सहावं. फोन आला तेव्हा मी आजींना कुशीवर वळवत होते, एक हात त्यांच्या खांद्याखाली, एक कमरेखाली. खिशातला फोन थरथरून बंद झाला. मग कॉलेजनं ताईच्या नंबरवर केला. ती रिक्षा करून वृद्धाश्रमाच्या दारात आली आणि तिथूनच ओरडली, "पाच वाजेपर्यंत होकार कळवायचाय!" तेव्हा सव्वातीन वाजले होते. आजींच्या पाठीशी उशी लावली, टाच बघितली, हात धुतले आणि फोन केला.